चेक इतिहास नव्याने वाचताय? आधी एवढं बघा

स्वागत! विषय भारी निवडलात. फक्त पहिल्याच आठवड्यात 1848 पासूनच्या सगळ्या संधी-करारांत शिरू नका, डोकं गरगरेल. शाळेपासून सुरुवात करा. तिथे चेक आणि जर्मन बोलणाऱ्यांमधली खरी ओढाताण दिसते.

1882 मध्ये प्रागचं विद्यापीठच दुभंगलं, एक चेक, एक जर्मन. 1905 नंतर मोराव्हियात (आजच्या चेक देशाचा पूर्वेकडचा भाग) तर कायदाच असा झाला की मुलाला ज्या भाषेत शिकवणार ती त्याला येत असली पाहिजे. मग मूल 'आपलं' की 'त्यांचं' यावरून भांडणं! आणि त्याच काळात खेड्यांतली चेक आणि जर्मन कुटुंबं दुसरी भाषा यावी म्हणून पोरांची काही महिन्यांसाठी अदलाबदल करत. माझा सगळ्यात आवडता तपशील हाच.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- 1910 च्या जनगणनेत रोजच्या वापरातली भाषा विचारली होती, राष्ट्रीयत्व नाही. आकडे वापरताना जपून.
- 'चेस्की' या एकाच शब्दात चेकही येतं आणि बोहेमियनही (म्हणजे बोहेमिया या पश्चिमेकडच्या प्रांताचं). जर्मनमध्ये दोन वेगळे शब्द आहेत.
- अल्पसंख्य म्हणजे फक्त जर्मन नव्हेत. चेक देशातले आजचे बहुतेक रोमा (ज्यांना पूर्वी 'जिप्सी' म्हणत तो समाज) 1945 नंतर स्लोव्हाकियातून आलेल्यांचे वंशज आहेत, कारण आधीचे बहुतेक नाझी काळात मारले गेले. ओस्त्रावा शहरातल्या रोमा मुलांना 'विशेष' शाळांत (बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठीच्या) टाकल्याबद्दलचा युरोपीय मानवाधिकार न्यायालयाचा 2007 चा निकाल जरूर वाचा.

हाब्सबुर्ग (1918 पर्यंत इथे राज्य करणारं ऑस्ट्रियाचं राजघराणं) प्रशासनाची गुंतागुंत सध्या बाजूला ठेवा. अडलं तर विचारा.