दाढीकडे बघतेय ती

अरे बाळा,

तुझा रात्री अडीचचा मेसेज सकाळी चहा घेताना वाचला. लेक दीड महिन्याची झाली तरी माझ्या डोळ्यात बघत नाही, कपाळाच्या वर कुठेतरी बघते, काही प्रॉब्लेम असेल का काकू. अरे ती तुझ्याकडेच बघतेय! एवढ्या बाळांना चेहऱ्याच्या आतलं फारसं कळत नाही, जिथे काळं आणि उजळ एकमेकांना भिडतं ती कड दिसते, म्हणजे कपाळावरची केसांची रेघ, नाहीतर तुझी ती दाढी. दुसरा महिना सरता सरता नजर डोळ्यांवर येते.

आणि तू बघतोस कुठून, तर दारातून, शूज काढता काढता! तिला 20 ते 30 सेंटीमीटरवरचंच त्यातल्या त्यात नीट दिसतं, म्हणजे एक वीत, फार तर सव्वा. मांडीवर घे, तोंड तेवढ्यावर आण, काहीतरी बडबड आणि डोकं सावकाश, अगदी सावकाश एका बाजूला ने. नजर अडखळत मागे येईल, मध्येच सुटेल, परत येईल. तिने तोंड फिरवलं की खेळ संपला, मागे लागायचं नाही.

ते ब्लॅक अँड व्हाइट कार्ड्स मागवलेस, ठीक आहे, पण पैसे वाचले असते. माझी मुलगी दोन महिन्यांची असताना संक्रांत आली, मी काळी साडी नेसले, गळ्यात हलव्याचा हार, आणि ही बया दूध सोडून त्या हाराकडेच टक लावून, माझ्या तोंडाकडे ढुंकून बघेना. खरं सांगते, तेव्हा रागच आला होता मला. काळ्यावर पांढरे दाणे, याहून भारी कार्ड कुठलं रे? तुझा तो पट्ट्यापट्ट्यांचा टीशर्ट घालत जा.

पाळण्यावर टांगलेलं चिमणाळं नाकासमोर नको, जरा छातीकडे सरकव आणि घट्ट बांध. पाळण्यात झोपवायची दिशा पण अधूनमधून बदल, नाहीतर खिडकीकडेच मान करून पडेल. पुढे चार-पाच महिन्यांची झाली की रंग बऱ्यापैकी कळतील, हात मारेल, तेव्हा लाल झाकण, स्टीलची वाटी, पदराआडून भॉक, काहीही चालतं. फ्लेमिंगो दाखवायला एवढ्यात चाणक्यच्या पाणथळीवर नेऊ नकोस, तुमच्या नेरूळला जवळ असले तरी तिच्यासाठी ते दुसऱ्या देशात आहेत.

मोबाइल नाहीच, आजीचा व्हिडिओ कॉल तेवढा चालेल. आणि काजळ नको, त्यात शिसं असू शकतं, आईला माझं नाव सांग, दृष्ट काढायचीच तर मीठ-मोहरीने काढा म्हणावं.

डोळे मधूनच तिरळे झाले तर आत्ता घाबरायचं नाही. पण चार महिन्यांनंतरही होत राहिलं तर दाखव, आणि फ्लॅशच्या फोटोत बाहुली पांढरी चमकली तर मला मेसेज करत बसू नकोस, लगेच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

रविवारी येतेय, ठाण्याहून डायरेक्ट नेरूळ गाडी पकडून. तोपर्यंत दाढी काढू नकोस हं, आत्ता कुठे ओळख होतेय तिची.

तुझी,
नौपाड्याची काकू