एआयवरचा चित्रकारांचा राग खरा आहे की नुसती भीती?

मुलगी बारावीत आहे, तिला आर्ट कॉलेजला जायचंय, आणि एआयनं चित्रकारांचं काम संपलं असं जो तो सांगतो. तर हा राग खरा की नुसती भीती, असं तुम्ही विचारलंय. मी गोव्यात फोंड्याला निमंत्रणपत्रिका, जत्रेची पोस्टरं, उत्सवी नाटकांच्या जाहिराती असली कामं करतो. राग खरा आहे. पोटावर पाय आला, एवढ्याचाच मात्र तो नाही.

पोटावर पाय फ्लेक्स आलं तेव्हाच आला होता. पाट्या रंगवणारे, नाटकाचे पडदे रंगवणारे कितीतरी जण घरी बसले. तरी फ्लेक्सवर काय छापायचं ते आम्हीच ठरवत होतो. आता गिऱ्हाईक मोबाइलमध्ये तयार चित्र घेऊनच दुकानात शिरतं.

मागे चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या तोंडावर एका मंडळाचा कार्यकर्ता असाच आला. चित्रात गणपती राजवाड्यात बसलेला, वर माटोळी (गणपतीच्या डोक्यावर फळं-फुलं टांगून बांधतात ती चौकट) म्हणून सफरचंदं आणि द्राक्षांचे घड लोंबताहेत, मागे देऊळ म्हणून तमिळनाडूतलं वाटावं असं उंच गोपुर. खाली देवनागरीसारखं दिसणारं, पण वाचता न येणारं काहीतरी. "तुमी फकत अक्षरां घालात," म्हणाला. मी विचारलं, माटोळीत आपली रानातली कांगलां कुठंयत? घागऱ्या, आंबाडे, सुपारीचे घोस? आणि आपल्याकडे देवळाला घुमट असतो, पुढे दीपस्तंभ असतो, ते? तो हसला. "कोण पळयता?" म्हणजे, कोण बघतंय?

हे "कोण पळयता" मला जास्त लागलं. पूर्वी हाच माणूस तासभर बसायचा. मी पेन्सिलीनं कच्चं काढायचो, तो म्हणायचा, आमच्या वाड्यावर माटोळी अशी बांधत नाहीत, तो नारळ मध्ये घ्या. वाद व्हायचा, चहा व्हायचा. चित्र त्या वाड्याचं व्हायचं ते त्या वादात. मशीन वाद घालत नाही, मागाल ते देऊन मोकळं होतं.

सफरचंदं का, तेही सांगतो. २०२२ साली आलेलं स्टेबल डिफ्यूजन हे चित्रं बनवणारं एआय ज्या लायन-५बी नावाच्या साठ्यातून निवडलेल्या चित्रांवर शिकलं, त्यात इंटरनेटवरून गोळा केलेल्या ५८५ कोटी चित्र-मजकुराच्या जोड्यांची यादी आहे. त्यातल्या २३२ कोटी इंग्रजी मजकुराच्या. रानातली फळं बांधलेली गोव्यातली माटोळी त्या ढिगात कितीशी असणार? जे ढिगानं आहे तेच ढिगानं बाहेर येतं. आणि ती चित्रं ज्यांची होती त्यांना कुणी विचारलं नव्हतं. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेतले तीन चित्रकार यावरूनच कोर्टात गेले. आपल्याकडेही बातम्यांच्या मजकुरावरून एएनआय या वृत्तसंस्थेनं २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयवर दावा लावला. "कॅमेरा आला तेव्हाही चित्रकार ओरडलेच होते" असं लोक म्हणतात. ओरडले असतील, पण कॅमेऱ्याला आधी जगभरची चित्रं गिळावी लागली नव्हती.

त्यात कंपन्यांचा आगाऊपणा. दर अपडेटला सॉफ्टवेअरमध्ये एआयचं नवं बटण येतं, मागितलेलं नसताना. आणि सॉफ्टवेअरचं भाडं वाढतं ते वेगळंच. (फोटोमागचं सटरफटर पुसायला मीही ते वापरतो. ते काम कुणालाच आवडत नव्हतं, त्याला माझी ना नाही.)

मुलीचं म्हणाल तर तिला पणजीतल्या आल्तिन्होच्या कला महाविद्यालयाची प्रवेश परीक्षा खुशाल देऊ द्या. भीती बाळगायचीच तर या एका गोष्टीची बाळगा: बारशाच्या पत्रिका, दुकानाचा लोगो, असल्या फुटकळ कामांवर आमच्या पिढीचा हात बसला. नेमकी तीच कामं आधी गेली. म्हणजे शिकायची उमेदवारी तिला दुसरीकडे शोधावी लागणार. उत्सवी नाटकाचं नेपथ्य, चित्ररथ, कला आणि संस्कृती संचालनालयाची माटोळी स्पर्धा, जिथं माणसं समोर उभी राहून चुका काढतात तिथं तिला पाठवा. स्केचबुक मात्र हातात द्या.

माझ्यापुरतं विचाराल तर मशीनचं चित्र दुरुस्त करायचे पैसे मी आता नव्या चित्रापेक्षा जास्त लावतो. काही गिऱ्हाइकं त्यामुळे पुन्हा बसून बोलायला लागली. काही समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेली.