चिल्लरीचा माग काढ

चि. लाडक्या भाचीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा मेल आणि सोबतचा आराखडा, दोन्ही वाचलं. इतिहासाच्या प्रोजेक्टसाठी अमेरिकेत व्हर्जिनियातल्या रिचमंडला बँक काढणारी कृष्णवर्णीय बाई, मॅगी लीना वॉकर, निवडलीस, हे फार छान झालं. तिचं रिचमंड तुझ्या घरापासून गाडीने तासाभरावर आहे, हा तुझा मोठा फायदा. आधी एक धोक्याची सूचना: मादाम सी. जे. वॉकर ही वेगळी बाई. तिचा केसांच्या औषधांचा आणि प्रसाधनांचा धंदा होता, आणि तो वाढला इंडियानापोलिसला. काळ एकच, आडनाव एकच, नातं काही नाही. टिपणं काढताना दोघींची सरमिसळ होऊ देऊ नकोस.

आता आराखड्याबद्दल. जन्म, शिक्षण, लग्न, बँक, मृत्यू, पुतळा. बाळा, ही जंत्री झाली. माझा सगळा जन्म बँकेत गेला, त्यामुळे माणसाच्या आधी मला त्याची खातेवही दिसते. ही खोड असेल, पण या बाईच्या बाबतीत तीच कामी येईल. तू एकच प्रश्न धर: पैसा कुणाचा होता, तो कुठून आला आणि पुढे कुठे गेला?

सुरुवात १८९९ पासून कर. त्या वर्षी मॅगी इंडिपेंडंट ऑर्डर ऑफ सेंट ल्यूकची मुख्य सचिव झाली. संस्थेच्या तिजोरीत तेव्हा ३१ डॉलर ६१ सेंट होते आणि डोक्यावर सुमारे ४०० डॉलरची देणी. तिला पगार महिन्याला आठ डॉलर. ही संस्था म्हणजे आपल्याकडची भिशी समजू नकोस. भिशीत पाळीपाळीने रक्कम उचलतात. इथे सभासद थोडी थोडी वर्गणी भरत, आणि आजारपणात मदत व मेल्यावर अंत्यसंस्काराचा खर्च मिळे. गोऱ्यांच्या विमा कंपन्या कृष्णवर्णीयांना धड वागवत नसत, तेव्हा हा आधार लहान नव्हता. आणि सभासदांत धुणं धुणाऱ्या, घरकाम करणाऱ्या बायका पुष्कळ होत्या.

मॅगी त्यांच्यातलीच. सावत्र वडील १८७६ मध्ये जेम्स नदीत मृतावस्थेत सापडले, मग आईने लोकांचे कपडे धुवायला घेतले आणि ही पोर ते घरोघर पोचवायची. तोंडात चांदीचा चमचा घेऊन नव्हे, तर जवळजवळ डोक्यावर कपड्यांची टोपली घेऊन मी जन्माला आले, असं ती पुढे म्हणायची. हे वाक्य तुला सगळीकडे सापडेल. वापर, पण नुसतं शोभेला नको. ज्या बायकांच्या दारावरून ती टोपली घेऊन गेली, त्यांच्याच जातकुळीतल्या बायका पुढे तिच्या ठेवीदार झाल्या, तिथे ते बसव.

ऑगस्ट १९०१ च्या भाषणात तिने बँकेची कल्पना मांडली: आपले पैसे आपण एकत्र करू, आपणच वापरू, निकेल, म्हणजे पाच सेंटची नाणी, घेऊन त्यांचे डॉलर करणारी बँक काढू. हे बोलणं सोपं वाटतं, पण ऐकणाऱ्यांच्या जिवावर एक जुना घाव होता. मुक्त झालेल्या गुलामांसाठी काढलेली फ्रीडमन्स बँक १८७४ मध्ये बुडाली आणि गरिबांच्या ठेवी अडकल्या. त्याला अजून तीस वर्षंही झाली नव्हती. अशा लोकांना पुन्हा काउंटरवर आणायचं म्हणजे काय, हे बँकेत बसलेल्या माणसाला विचार! उघडण्याआधी मॅगी रिचमंडच्या मर्चंट्स नॅशनल बँकेत रोज काही तास बसून कामकाज बघायची. मला ही गोष्ट तिच्या सगळ्या भाषणांपेक्षा जास्त आवडते.

२ नोव्हेंबर १९०३ ला सेंट ल्यूक पेनी सेव्हिंग्ज बँक उघडली. पहिल्या दिवशी सुमारे २८० लोकांनी मिळून आठ हजारांवर डॉलर ठेवले. भागाकार केलास तर माणशी अठ्ठावीस-एकोणतीस डॉलर येतात. पण सरासरीवर भरवसा ठेवू नकोस. मोठ्या रकमा थोड्याच जणांच्या असतात, आणि त्याच दिवशी एकाने ३१ सेंटवर खातं उघडलं. तुझ्या प्रोजेक्टचं पहिलं पान त्या ३१ सेंटचं असू दे. मुलांना बँक पुठ्ठ्याच्या छोट्या डब्या द्यायची, शंभर पेन्या, म्हणजे एक-एक सेंटची नाणी, साठली की खातं.

तिच्यावर लिहिताना सगळे घाईने ‘पहिली महिला बँक अध्यक्ष’ लिहितात. तू लिहू नकोस. आयोवात लुईझा स्टीफन्स १८८० च्या दशकातच राष्ट्रीय बँकेच्या अध्यक्षपदी होत्या. मॅगी बँक स्थापून तिची अध्यक्ष होणारी पहिली कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्री, एवढं लिही. तेवढं पुरेसं मोठं आहे.

जन्मवर्षाचंही तसंच. जुन्या पुस्तकांत १८६७ दिसेल, आता तिच्या घराचं संग्रहालय १८६४ देतं. तीन वर्षांनी काय बिघडतं, असं वाटेल. पण अमेरिकेच्या यादवी युद्धात रिचमंड एप्रिल १८६५ पर्यंत बंडखोर दक्षिणेची राजधानी होतं. म्हणजे १८६४ मधला जन्म युद्ध चालू असताना, तिथली गुलामगिरी अजून मोडली नसतानाचा. आणि तिची आई एलिझाबेथ ड्रेपर ज्या व्हॅन ल्यू घराच्या स्वयंपाकघरात राबत होती, त्या घरची एलिझाबेथ व्हॅन ल्यू उत्तरेसाठी हेरगिरी करत होती. दोन्ही वर्षं दे, कुठलं धरतेस आणि का, ते एका वाक्यात सांग.

साधनं कुठली? लेह स्ट्रीटवरचं तिचं घर आता नॅशनल पार्क सर्व्हिसकडे आहे. आईला घेऊन जा, पण आधी मेल करून प्रश्न कळव, म्हणजे तिथली माणसं उत्तरं काढून ठेवतील. जॉन मिचेल ज्युनिअर यांचं ‘रिचमंड प्लॅनेट’ हे वर्तमानपत्र लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतं. त्यात १९०४ चे अंक काढ. ट्रामच्या कंपनीने गोऱ्यांना आणि काळ्यांना वेगळं बसवायला सुरुवात केली, तेव्हा मिचेल आणि मॅगी यांनी लोकांना पायी चालायला सांगितलं. कंपनी त्याच वर्षी दिवाळखोरीत गेली. तरी १९०६ मध्ये राज्याने वेगळी आसनं सक्तीचीच केली. जिंकले की हरले, हे एका शब्दात ठरवायला जाऊ नकोस. शोधाचं काम संपलेलं नसतं, याचा दाखला हवा असेल तर २००९ चा आहे: विल्यम अँड मेरी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना सेंट ल्यूक हॉलच्या माळ्यावर संस्थेच्या जुन्या कागदांचे खोके सापडले.

आराखड्यात तू एम्पोरियम वगळलंयस. का? १९०५ मध्ये तिने ब्रॉड स्ट्रीटवर, गोऱ्यांच्या दुकानांच्या रांगेत, कापडचोपड आणि घरसामानाचं दुकान थाटलं. काळ्या बायकांना विक्रेती म्हणून नोकऱ्या, मागच्या दाराने न जाता खरेदी. शेजारच्या व्यापाऱ्यांनी दुकान उघडू नये म्हणून पैसे देऊ केले, मग घाऊक व्यापाऱ्यांवर दबाव आणला. पण आपलीच गिऱ्हाइकं पुरेशी येईनात, हेही खरं. १९०६ च्या भाषणात ती त्यावर कडाडली: ज्या सिंहाला आपण खाऊ घालतो, तोच आपल्याला फाडतो. १९११ पर्यंत दुकान बंद झालं. तिची बँक का टिकली आणि तिचंच दुकान का नाही टिकलं, हा तुझ्या प्रोजेक्टचा गाभा होऊ शकतो. माझं मत विचारशील तर ठेवीला माल लागत नाही. दुकानाला घाऊक व्यापारी लागतो, आणि तो दुसऱ्याच्या हातात होता. पण माझं मत उतरवून काढू नकोस, तपास.

बँकेचं पुढचं थोडक्यात आटप. १९१० मध्ये रिचमंडचीच ट्रू रिफॉर्मर्स ही कृष्णवर्णीयांची बँक कोसळली, त्यानंतर राज्याच्या नियमांमुळे मॅगीची बँक सेंट ल्यूक संस्थेपासून वेगळी करावी लागली. मंदीच्या काळात, १९३०-३१ मध्ये, शहरातल्या आणखी दोन कृष्णवर्णीय बँका तिच्यात मिळून कन्सॉलिडेटेड बँक अँड ट्रस्ट झाली. मॅगी तोवर चाकाच्या खुर्चीत होती, आणि संचालक मंडळाची अध्यक्ष तीच. १९३४ मध्ये गेली. १९१५ मध्ये तिच्या मुलाने चोर समजून वडिलांवर गोळी झाडली, तो खटला तुला सापडेलच. दोन ओळींत सांगून पुढे हो. पैशाच्या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही.

पहिला खर्डा इंग्रजीत असला तरी चालेल. एम्पोरियमचं प्रकरण आधी लिहून पाठव, प्रस्तावना सगळ्यात शेवटी. आणि तारखा पेन्सिलीने लिही, रबर लागेल.

तुझी,
मावशी