थंडी पडायच्या आत हिरवे चेरी टोमॅटो

अगं, हिरवे चेरी टोमॅटो उरलेत म्हणून वेल उपटून टाकू नकोस लगेच! न्यू जर्सीत ऑक्टोबरात रात्रीचं टेंपरेचर १० डिग्रीच्या खाली जायला लागलं की वेलीवर टोमॅटो नीट पिकत नाहीत, म्हणून फ्रॉस्टच्या (दंव गोठण्याच्या) आधीच सगळे तोडून घे. जे पूर्ण वाढलेत आणि जरा पांढरट-पिवळसर दिसतायत ते कागदी पिशवीत एका केळ्याबरोबर ठेव, पिकतील, फ्रिजमध्ये मात्र नको. बाकी कडक, गडद हिरव्यांची चटणीच कर, मला तर ती पिकलेल्यांपेक्षा जास्त आवडते. प्रत्येकाचे दोन तुकडे करून तेलात मिरची-लसणाबरोबर झाकण न ठेवता परतायचे, आधी पाणी सुटतं, मग ते आटून कडा तपकिरी होतात, तेव्हा भाजलेले तीळ, दाण्याचं कूट, मीठ आणि गूळ घालून जाडसरच वाट. गूळ विसरू नकोस, आंबटपणा फार असतो. ही चटणी छोट्या डब्यांत फ्रीझ होते. लोणचं करायचं असेल तर ५ टक्के ॲसिडिटीवालं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, मीठ घालून उकळ, अर्धे केलेल्या टोमॅटोंवर ओत, अख्खे ठेवलेस तर आतपर्यंत मुरत नाही. बरणी फ्रिजमध्येच ठेव हं, बाहेर नको.