अँटिक बंदुकांच्या शोमध्ये खरंच स्वस्तात काही मिळतं का? घासाघीस किती करावी?

मिळतं. पण तुम्ही जे शोधताय ते नाही मिळत.

तुम्ही लिहिलंय की व्हर्जिनियात राहता, मार्चमध्ये पहिल्यांदाच बाल्टिमोरजवळ टिमोनियमला भरणाऱ्या शोला जाणार आहात, ५०० डॉलरपर्यंत तयारी आहे, १८७३ मॉडेलची विंचेस्टर रायफल हवी आहे, आणि सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यापासून बोलायला लागायचं असा सल्ला कुणीतरी दिलाय. ५०० मध्ये धड विंचेस्टर येत नाही. आलीच तर नळी आतून खाल्लेली, दस्ता बदललेला आणि वरून कुणीतरी हौसेनं नवं ब्लूइंग (पोलादावरचा निळसर काळा थर) चढवलेलं, म्हणजे ती ५०० चीही नाही. विंचेस्टर, कोल्ट, स्प्रिंगफिल्ड या अमेरिकन बंदुकांचे भाव तिथल्या प्रत्येक टेबलवाल्याला तोंडपाठ असतात. बऱ्याच विंचेस्टरचा सिरियल नंबर दिला की वायोमिंगमधल्या कोडीच्या संग्रहालयातून कारखान्याच्या नोंदवहीचा उतारा येतो: नळी गोल होती की अष्टकोनी, माल गोदामातून कधी निघाला, सगळं. कोल्टचंही कंपनीच्या दप्तरातून पत्र मिळतं. जिथं विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला सारखंच कळतं, तिथं दहा टक्के सुटले तर खूप झालं.

निम्म्यापासून सुरुवात करण्याचा हा सल्ला मी आमच्या साडूंच्या तोंडून वर्षानुवर्षं ऐकतोय, म्हणूनच हे उत्तर लिहायला बसलो. साडू न्यू जर्सीला असतात, माणूस लाखमोलाचा, पण तुळशीबागेत शिकलेलं व्यवहारज्ञान जगभर चालतं अशी त्यांची ठाम समजूत आहे. एका वर्षी तेही माझ्याबरोबर टिमोनियमला आले होते.

तिथं अमेरिकन यादवी युद्धाच्या मालाचं एक टेबल होतं. पुढच्या बाजूला मस्केट (जुन्या लांब लष्करी बंदुका), संगिनी, पट्ट्यांची बक्कलं नीट मांडलेली, आणि मागे भिंतीला टेकवलेली एक लांब, सडपातळ बंदूक. टॅगवर लिहिलेलं: ‘पर्शियन मस्केट, शोभेची, ४२५’. लांबूनच मला दिसलं की हिचा पर्शियाशी काही संबंध नाही. सरळ, अरुंद दस्ता, नळी लाकडाला पट्ट्यांनी बांधलेली, उजवीकडे कानाशी, म्हणजे नळीला बत्ती द्यायच्या भोकाशी, रंजकेची (पेटवायच्या बारीक दारूची) छोटी वाटी, तिच्यावर सरकतं झाकण, आणि दस्त्याच्या खाचेतून डोकं वर काढणारी, तोडा म्हणजे पेटती वात धरायची पकड. चकमक नाही, वरून आपटणारा घोडा नाही. आपली तोड्याची बंदूक, तोडेदार. इकडचे संग्राहक हिला तोरादार म्हणतात.

विचारून हातात घेतली. नळीच्या बुडाशी, कानाच्या मागे, बारीक ठिपके होते. टेबलवाल्याला ती नक्षी वाटत होती. मी खिशातलं भिंग काढलं, टॉर्च मारला, आणि ठिपक्यांचे आकडे झाले. देवनागरी आकडे, त्यांच्या आधी दोन अक्षरं. अक्षरं झिजलेली, आकडे मात्र स्वच्छ. राजस्थानातल्या संस्थानांच्या शस्त्रागारांत, विशेषतः बिकानेरच्या जुनागढमध्ये, हत्यारांवर अशा ठिपक्यांनी नोंद ठोकलेली असते. माझी बंदूक बिकानेरचीच असं मी छातीठोक म्हणत नाही, पण ती कुठल्यातरी सिलेखान्याच्या, म्हणजे शस्त्रागाराच्या, यादीत होती एवढं नक्की. भिंतीवर टांगायला बनवलेल्या बंदुकीवर कुणी यादीतला क्रमांक घालत नाही.

या शोमधला एक रिवाज तुम्हाला आधीच माहीत असलेला बरा. वस्तू तुमच्या हातात आहे तोवर दुसरा कुणी तिच्यावर बोलत नाही. खाली ठेवलीत की तुमचा हक्क संपला. माझ्या खांद्यामागे एक दाढीवाले गृहस्थ उभे होते आणि त्यांची नजर त्या ठिपक्यांवर होती. साडू मराठीत हळूच सांगत होते, “ठेवा खाली. तोंड वाकडं करा. दोनशे म्हणा आणि चालायला लागा, तो मागून हाक मारतो की नाही बघा.”

मी ४२५ रोख मोजले. एक शब्द कमी-जास्त केला नाही.

पैसे त्याच्या खिशात गेल्यावर मी त्याला ते ठिपके दाखवले, आकडा वाचून दाखवला, रंजक कुठं घालायची आणि पेटता तोडा वाटीत कसा उतरतो ते समजावलं. त्यानं मला खुर्ची दिली, कॉफी मागवली. तेव्हापासून त्याच्याकडे हिंदुस्थानी काहीही आलं की शोच्या आधी मला फोन येतो. कुणाच्या आजोबांच्या पोटमाळ्यातून निघालेलं शिंगाचं बारूददान, कंपनी सरकारच्या सिंहाचा छाप असलेलं सुटं लॉक (बार उडवायची कळ), असल्या वस्तू टेबलावर मांडायच्या आधी तो मला दाखवतो, आणि भाव तो स्वतःच वाजवी लावतो. शोमधला चांगला माल लोकांना आत सोडण्याआधीच, टेबलं लागत असताना, टेबलवाल्यांमध्येच इकडून तिकडे गेलेला असतो. त्या वर्तुळात शिरायचा रस्ता ओळखीतून जातो. साडूंच्या हिशेबात मी त्या दिवशी सव्वादोनशे डॉलर घालवले. आजही दिवाळीच्या फराळाला तो विषय निघतो आणि सगळ्यांसमोर मला ‘भोळे’ ठरवलं जातं. त्यांना माझं एकच विचारणं आहे: बंदूक खाली ठेवली असती आणि त्या दाढीवाल्यानं उचलली असती, तर ते सव्वादोनशे कोणाच्या खात्यात जमा झाले असते?

तर तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर हे. समोरच्याला जे वाचता येत नाही ते तुम्हाला वाचता येत असेल, तरच तुम्हाला स्वस्तात मिळेल. मराठी माणसाला देवनागरी येते, हे त्या हॉलमध्ये फार मोठं भांडवल आहे. हिंदुस्थानी हत्यारांना तिथं पद्धतशीर अभ्यासाविना ‘पर्शियन’, ‘तुर्की’, ‘अरबी’ अशी लेबलं लागतात. साधी तोडेदार काही शे डॉलरमध्ये मिळते, आणि त्याच वयाची साधी अमेरिकन मस्केट हजाराच्या पुढे बोलते. मला याचा राग येतो. आपल्याकडच्या दुसऱ्या टोकाचाही येतो. मंडळाच्या कार्यक्रमात ही बंदूक नेली की पहिला प्रश्न येतो, ‘शिवकालीन आहे का?’ तसं म्हणता येत नाही. तोड्याच्या बंदुकीची घडण शतकानुशतकं फारशी बदलली नाही, एकोणिसाव्या शतकातही ती बनत होती, त्यामुळे नुसत्या आकारावरून काळ सांगता येत नाही. सतराव्या शतकातली म्हणून कुणी दुप्पट भाव सांगितला तर पुरावा मागा, तो नसेल तर नमस्कार करून पुढच्या टेबलाकडे जा.

भाव कसे पडतात याचं एक मोठं उदाहरण नेपाळचं आहे. २००३ साली काठमांडूच्या लगन सिलेखान्यातला जुना साठा दोन अमेरिकन व्यापारी कंपन्यांनी मिळून विकत घेतला. त्यात ब्राउन बेस, ब्रन्सविक, स्नायडर, मार्टिनी-हेन्री अशा ब्रिटिश धाटणीच्या हजारो जुन्या लष्करी बंदुका होत्या. त्याआधी जी मार्टिनी शोधावी लागायची ती डझनांनी दिसायला लागली आणि भाव खाली आले. नेपाळी मार्टिनी नवशिक्यालाही परवडायला लागली. फक्त ती खैबरच्या बाजारातली नक्कल नाही ना ते बघा. तिथल्या कारागिरांनी इंग्रजी छाप हुबेहूब ठोकण्याच्या नादात ‘एन’ उलटा काढलेला कितीतरी बंदुकांवर दिसतो.

घासाघीस करायचीच तर एकदाच, सभ्यपणे, हातात रोख घेऊन. ‘यात तुम्हाला काय जमेल?’ एवढं विचारा, तो जो आकडा सांगेल तो घ्या किंवा सोडा. निम्म्याचा आकडा बोललात की तो पुढे तुमच्याकडे बघणारही नाही. रविवारी दुपारी आवराआवर सुरू होते तेव्हा जड, लांब आणि परत न्यायला कंटाळा येईल असा माल थोडा उतरतो. तेव्हा बेल्जियन दुनळी ठासणीच्या (नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायच्या) बंदुका बघा, लंबगोलात ‘ईएलजी’ असा बेल्जियमच्या लिएज शहराचा छाप असलेल्या. त्या तुमच्या ५०० मध्ये आरामात बसतात आणि शिकायला उत्तम.

चकमकीच्या बंदुकीला जास्त भाव सांगितला तर लॉक नीट तपासा. पुष्कळ बंदुका आधी टोपीच्या (स्फोटक टोपीवर घोडा आपटून उडणाऱ्या) केल्या गेल्या आणि नंतर भाव यावा म्हणून परत चकमकीच्या बनवल्या गेल्या. इटालियन नव्या नकला घासून, आम्ल लावून जुन्या केलेल्याही फिरतात. नळीखाली कुठं छाप घासून काढल्याची खोलगट जागा दिसली तर हात लावू नका. आणि घेतल्यावर घरी आणून घासूनपुसून चकचकीत करू नका. त्या काळपट थराचेच पैसे तुम्ही दिलेले असतात.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. ठासणीची जुनी बंदूक घरी आणली की पहिल्यांदा नळीत लाकडी काठी घालून खोली मोजा आणि बाहेरून कानापर्यंतच्या लांबीशी ताडून बघा. काठी कमी आत गेली तर आत बार भरलेला असू शकतो, आणि शंभर वर्षांपूर्वीची काळी दारूही पेटते. असा बार स्वतः काढू नका, जाणकाराकडे न्या.

कायद्याचंही राहिलं. अमेरिकेच्या १९६८ च्या केंद्रीय कायद्यानुसार १८९८ पर्यंत बनलेली बंदूक अँटिक धरली जाते, पण राज्यांचे नियम वेगळे असतात, व्हर्जिनियाचे तुम्ही स्वतः वाचा. १८७३ मॉडेलचं उत्पादन विसाव्या शतकातही चालू होतं, म्हणून मॉडेलचं वर्ष बघून समाधान मानू नका, नंबरावरून बनल्याचं वर्ष काढा. आणि हे सगळं वाचून गावच्या वाड्यातली बंदूक इकडे आणायचा विचार कुणाच्या मनात आला असेल तर तो सोडून द्या. शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. ती तिथंच राहू दे, आणि दुरुस्त करून वापरता येण्यासारखी असेल तर तिचा परवाना आहे का ते आधी काकांना विचारा.