देव मानत नसलो तर धर्म, तत्त्वज्ञान आणि नीतिशास्त्र हा विषय पदवीला घ्यावा का?

देवावर विश्वास नसताना विद्यापीठात हा विषय झेपेल का आणि पुढे त्याचं करायचं काय, असं तुम्ही विचारलंय. जाता जाता एक वाक्यही टाकलंय: 'तसंही यात बरोबर-चूक काही नसतं, आपलं मत नीट मांडलं की मार्क मिळतात असं ऐकलंय.' पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: झेपेल. मी लिहायला बसलोय तो त्या शेवटच्या वाक्यामुळे. हे वाक्य विषय न शिकलेले लोक ठामपणे सांगतात आणि पहिल्या वर्षाचे विद्यार्थी त्यावर विसंबून निम्मं वर्ष घालवतात.

आधी देवाचं उरकून घेऊ. कुमारिल भट्ट वेदांचा कट्टर पाठीराखा, पण जगाचा कर्ता ईश्वर त्याला मान्य नाही. श्लोकवार्तिक या आपल्या ग्रंथात तो विचारतो की निर्मात्याला जग घडवायची गरजच काय होती? करुणेपोटी घडवलं म्हणावं, तर सृष्टीच्या आधी कीव करावी असा जीवच नव्हता. काही हेतू नव्हता म्हणावं, तर मंदबुद्धी माणूसही हेतूशिवाय काही करत नाही. उलट बाजूला उदयनाचार्य. त्याने न्यायकुसुमांजलीत ईश्वरसिद्धीसाठी एकामागून एक युक्तिवाद रचले. तुम्हाला हे दोघेही शिकायचे आहेत, आणि परीक्षक बघणार ते एवढंच की दोघांचंही म्हणणं त्यांना स्वतःला पटेल इतकं नेमकं तुम्ही मांडू शकता का. तुमची श्रद्धा कोणी विचारत नाही. श्रद्धावान आणि नास्तिक दोघेही ठेचकाळतात ते एकाच जागी: आपल्या बाजूचा युक्तिवाद तपासायची गरज दोघांनाही वाटत नाही.

आता 'मत'. एकच नमुना घेतो, पण सावकाश. जे. एल. मॅकी या तत्त्वज्ञाने १९५५ साली अशुभाच्या समस्येवर निबंध लिहिला. देव सर्वशक्तिमान आहे; देव पूर्णतः चांगला आहे; तरीही जगात अशुभ आहे. ही तीन विधानं एकत्र टिकत नाहीत, हा त्याचा दावा. 'मॅकीच्या मते देव नाही, मला हे पटत नाही' असं लिहून पुढे गेलात तर उत्तर तिथेच संपलं. खरं काम पुढे आहे. नुसत्या तीन विधानांत उघड विसंगती नाहीच, आणि हे मॅकीलाही ठाऊक आहे. म्हणून तो आणखी दोन विधानं जोडतो: चांगली गोष्ट अशुभाला शक्य तितकं नाहीसं करते, आणि सर्वशक्तिमानाच्या शक्तीला मर्यादा नसते. विसंगती या पाचांतून निघते. उत्तर द्यायचं तर यातलं नेमकं कुठलं विधान सोडता, ते सांगावं लागतं.

बहुतेक जण इथे 'माणसाला इच्छास्वातंत्र्य आहे' असं लिहून मोकळे होतात. मॅकीने त्याचीही सोय करून ठेवलीय: माणूस एकदा स्वेच्छेने चांगलं निवडू शकतो, तर दरवेळी स्वेच्छेने चांगलंच निवडेल अशी माणसं देवाने का घडवली नाहीत? यावर ॲल्विन प्लांटिंगाचा बचाव येतो. माणसं खरोखर स्वतंत्र असतील, तर असं जग घडवणं देवाच्याही हातात नसणं शक्य आहे, असं तो म्हणतो. भूकंप-रोगराईचं काय असं विचारलं, तर त्यामागे मानवेतर स्वतंत्र शक्ती असणं शक्य आहे, असं त्याचं उत्तर. इथे वर्ग हसतो, आणि हसणाऱ्यांचे मार्क जातात. प्लांटिंगा 'असं आहे' म्हणतच नाही. विसंगतीचा आरोप मोडायला 'असं असू शकतं' एवढं पुरतं. समर्थन (अशुभामागचं खरं कारण सांगणं) आणि बचाव (असं कारण असणं शक्य आहे, एवढंच दाखवणं) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक ज्याने उत्तरपत्रिकेत दाखवला, त्याने विषय वाचलाय हे लगेच कळतं.

मग विल्यम रो १९७९ साली प्रश्नच बदलतो. जंगलातल्या वणव्यात एक हरणाचं पाडस होरपळतं आणि कित्येक दिवस तडफडून मरतं. कुणी पाहत नाही, कुणाचं त्यातून भलं होत नाही. रो विसंगती सिद्ध करायला जात नाही. अशी दुःखं निरर्थक असल्याचं मानायला सबळ कारण आहे, म्हणून देव नाही असं मानायलाही आहे, एवढाच त्याचा दावा. त्यावर प्लांटिंगाचं 'असू शकतं' फेकून उपयोग नाही, कारण हा शक्यतेचा वाद राहिलेला नाही, पुराव्याचा झालाय. रोला प्लांटिंगाचं उत्तर देणं ही चूकच आहे. 'माझा दृष्टिकोन' म्हणून ती वाचत नाही. बरोबर-चूक नसतं म्हणणाऱ्यांनी मला हे समजावून सांगावं.

नीतिशास्त्रातही तेच. सगळ्यात जास्त वेळा दिसणारी चूक कांटबद्दलची: 'सगळेच खोटी वचनं द्यायला लागले तर समाजाचं वाटोळं होईल, म्हणून खोटं वचन देऊ नये.' हा कांट नव्हे. परिणाम मोजून कृती ठरवणारी ही मांडणी उपयुक्ततावाद्याच्या जवळची. कांटचा मुद्दा असा की पैसे परत करायचे नसतानाही 'परत करतो' म्हणून उसने घ्यायचे, हे धोरण सर्वांचा नियम म्हणून कल्पून पाहा. वचनावर कोणी विश्वासच ठेवणार नाही, आणि ज्या वचनाच्या आधारे पैसे मिळवायचे तेच निरर्थक होईल. म्हणजे धोरण स्वतःलाच तोडतं. परिणाम वाईट होतात की चांगले, हा इथे प्रश्नच नाही. १७८५ सालचं कांटचं ते छोटं पुस्तक (इंग्रजीत 'ग्राउंडवर्क ऑफ द मेटाफिजिक्स ऑफ मॉरल्स') पूर्ण वाचा. त्याच्यावरच्या गाईडमध्ये हीच चूक छापलेली सापडेल.

वाचायचं कसं? निबंध हाती आला की आधी निष्कर्ष शोधा, तो बऱ्याचदा पहिल्या दोन पानांत सांगितलेला असतो. मग त्याला आधार देणारी विधानं वेगळ्या कागदावर क्रमांक घालून उतरवा. त्यातलं लेखकाने न सांगता गृहीत धरलेलं कुठलं, त्यावर खूण करा. टीका सुचते ती बहुधा तिथेच. दुसऱ्या वाचनात लेखक कोणाला उत्तर देतोय ते बघा. 'काही जण म्हणतील' याखालचा मजकूर लेखकाचं मत समजून उद्धृत करणं ही फार सर्रास होणारी चूक आहे. आपल्या शास्त्रग्रंथांत तर पानंच्या पानं पूर्वपक्ष, म्हणजे पुढे खोडायचं असलेलं प्रतिपक्षाचं म्हणणं, चालतो, त्यामुळे तिथे हा घोटाळा आणखी सहज होतो.

संदर्भ देताना पानांचे आकडे देऊन भागत नाही, कारण आवृत्ती बदलली की पान बदलतं. प्लेटोसाठी १५७८ सालच्या स्टेफानस आवृत्तीचे समासातले आकडे, ॲरिस्टॉटलसाठी बेकर आवृत्तीचे, कांटच्या पहिल्या समीक्षेसाठी ('क्रिटिक ऑफ प्युअर रीझन') १७८१ आणि १७८७ या दोन आवृत्त्यांची पानं. ऋग्वेदाला मंडल-सूक्त-ऋचा, कुराणाला सूरा-आयत. हे आकडे नसलेलं भाषांतर स्वस्तात मिळालं तरी अभ्यासाला घेऊ नका. इंटरनेटवर फिरणारी सुभाषितवजा अवतरणं तर अजिबात नकोत.

१५०० शब्दांच्या निबंधात प्रस्तावनेला १५० शब्द पुरतात. समोरच्याचा युक्तिवाद मांडायला ४५० आणि एकच आक्षेप नीट उभा करायला ४५० ठेवा. त्या आक्षेपाला मिळू शकणारं सर्वांत ताकदीचं उत्तर आणि त्याची तपासणी ३५० शब्दांत, निष्कर्ष उरलेल्या १०० मध्ये. पाच आक्षेप यादीसारखे टाकले की एकही धड होत नाही. 'अनादि काळापासून मानव विचार करत आला आहे' अशी सुरुवात तर कृपा करून नको.

धर्माच्या अभ्यासाबद्दल थोडक्यात: धर्म म्हणजे फक्त सिद्धांत, असं धरून चालू नका. धर्माचा अभ्यासक निनियन स्मार्ट याने धर्माची अंगं सात सांगितली, आणि त्यात सिद्धांत हे एकच: विधी, अनुभव, कथा, सिद्धांत, नीती, सामाजिक रचना, भौतिक वस्तू. तत्त्वज्ञानाकडून आलेली मुलं सिद्धांतावरच घुटमळतात आणि उपवास, यात्रा, मूर्ती यांना दुय्यम ठरवून बसतात. 'हा खरा धर्म नव्हेच' हे वाक्य अनुयायी म्हणू शकतो, अभ्यासकाने 'अनुयायांच्या मते' जोडल्याशिवाय लिहू नये.

उपयोगाचं म्हणाल तर क्लिष्ट मजकुरातून नेमका दावा आणि त्याचा आधार बाजूला काढता येणं कायदा, पत्रकारिता, धोरणलेखन, शिक्षण इथे उपयोगी पडतं. ठरावीक नोकरीची हमी हवी असेल तर दुसरी पदवी बघा.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. 'देव मानत नाही तरी चालेल' हे मी विद्यापीठातल्या सर्वसाधारण विभागाबद्दल बोललो. धर्मसंस्थेने चालवलेल्या, पुरोहित किंवा धर्मोपदेशक घडवणाऱ्या अभ्यासक्रमाचे नियम वेगळे असू शकतात, प्रवेशाची माहितीपत्रिका नीट वाचा. आणि काही ठिकाणी परीक्षा अजूनही पाठांतरावर चालते. तिथे माझा शब्दांचा हिशेब चालणार नाही, नेमलेल्या टिपणांतलं उतरवावं लागेल. म्हणून फी भरण्याआधी अभ्यासक्रमपत्रिका मागवा आणि त्यात मूळ ग्रंथ नेमलेत की नुसती त्यांच्यावरची पुस्तकं, ते पाहा. तर्कशास्त्राचा पेपर ऐच्छिक असला तरी घ्या. 'पाऊस पडला तर रस्ता भिजतो, रस्ता भिजलाय, म्हणून पाऊस पडलाय' यात नेमकं काय चुकलं, हे तिथे पहिल्या काही आठवड्यांतच शिकवतात. वरच्या सगळ्या निबंधांना ते लागतं.