ज्येष्ठ आणि तरुणांवर लिहायला घेतलंयस, तर एवढं बघ

ज्येष्ठांच्या मुलाखतीला घाई चालत नाही. वेळ शक्यतो सकाळची घे, दुपारनंतर बरेच जण थकतात. समोर, उजेडात बस. कमी ऐकू येणाऱ्याला तुझे ओठ दिसले पाहिजेत. घरची मंडळी मात्र सांभाळ. प्रश्न आजींना विचारावा आणि उत्तर मुलानं द्यावं, हे हमखास होतं. अशा वेळी नजर आजींवरच ठेवायची आणि गप्प बसायचं. थोड्या वेळानं त्याच बोलायला लागतात, आणि बातमी बहुतेक तिथेच असते. त्यांनी सांगितलेलं साल जुन्या कागदांशी, फोटोमागच्या तारखेशी ताडून बघ.

अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची लेखी परवानगी हवीच, पण मुलाचा होकार वेगळा घे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं कलम १२ त्याला स्वतःचं म्हणणं मांडायचा हक्क देतं. मुलाची ओळख लपवायला नाव बदललंस आणि फोटोत शाळेचा गणवेश दिसला, तर काय उपयोग?

पैशांचं थोडक्यात: लेख छापला नाही तर किती मिळणार, हे काम घेतानाच ईमेलवर लिहून घे. संपादक ओळखीचा असला तरी.